करवतीचं खाणं वजा

दवाखान्यातून निरोप आला तेव्हा सुतार एका गिऱ्हाइकाच्या कपाटाला दार बसवत होता. त्यानं उरलेले दोन स्क्रू पिळले, दार दोनदा उघडून-मिटून पाहिलं आणि मग तो निघाला. बायको वारली होती. त्यानंतर सुतार कामापुरतंच बोलू लागला, आणि काम लाकडाशी होतं.

दोन महिन्यांनी शाळेतून चिठ्ठी आली. मुलगी अपूर्णांकांच्या चाचणीत नापास झाली होती. फेरचाचणीतही तसंच झालं तर तिला याच वर्गात ठेवणार होते. आजवर गणित आई शिकवायची.

सुतारानं साबणाची वडी घेतली. "ह्याचे चार भाग. त्यातले तीन घे. आता त्या तिनाचं अर्धं."

वडीचा भुगा झाला. मग टॉवेल कापला. तो तिरका गेला.

"मऊ वस्तूंत गणित राहत नाही," असं म्हणून सुतारानं कानावरची पेन्सिल काढली. घरात मापात असलेली एकच वस्तू होती : त्यानं स्वतः केलेलं जेवणाचं टेबल. तासाभरात त्याच्या चार पट्ट्या झाल्या आणि त्यातल्या तीन मधोमध कापल्या गेल्या. मुलीनं तीन तुकडे उचलले.

"तीन अष्टमांश. पण बाबा, टेबल ऐंशीचं होतं, म्हणजे पट्टी वीस सेंटिमीटर हवी ना? कमी भरतेय."

"भरणारच. करवत खाते. दर कापाला दोन मिलिमीटर. ते धरायचं. न धरणारा सुतार उपाशी मरतो."

मुलीनं ते वहीत लिहून घेतलं. सुतार मग जेवणाच्या वेळेपर्यंत करवतींबद्दल बोलत होता.

संध्याकाळी त्याची बहीण आली. "दादा, टेबल कुठंय?"

"गणितात गेलं."

"ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!" ती म्हणाली आणि ताट घेऊन जमिनीवर बसली.

फेरचाचणीनंतर बाईंनी सुताराला बोलावलं. मुलगी शेजारी उभी होती.

"हे वाचा. 'तीन अष्टमांश, करवतीचं खाणं वजा.' दहाच्या दहा उत्तरांत करवत!"

"बरोबर आहे बाई. तुमच्या उत्तरानं कपाट केलं तर दार मिटणार नाही."

"अहो, पण कापायचं कशाला? कागदाची घडी घालायची. हिच्या आईनं तसंच शिकवलंय." बाईंनी मुलीची जुनी वही उघडली. पानापानावर घड्या घातलेले कागद चिकटवले होते. खाली बायकोचं अक्षर होतं. तीन चतुर्थांशाचं अर्धंही त्यात होतं.

सुतारानं ती घडी उलगडली आणि पुन्हा तशीच मिटली.

"सोमवारी परत बसवते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "करवत घरी ठेवून ये गं."

वाटेत सुतारानं विचारलं, "तुला येत होतं?"

"हो."

"मग पहिल्यांदा नापास कशी झालीस?"

"तेव्हा वही उघडवतच नव्हती."

"आणि मी टेबल कापायला घेतलं तेव्हा? बोलायचं नाही का?"

"आई गेल्यापासून तू पहिल्यांदाच इतकं बोलत होतास."

सोमवारी मुलगी पास झाली. टेबलाचे सात तुकडे भिंतीला टेकवून ठेवलेत, ते अजून जोडलेले नाहीत. वहीत आईच्या घड्या गुणाकारापर्यंतच आहेत. भागाकार राहिला आहे.