ध्यानातला होकार

मोरोक्कोतल्या मेक्नेस शहराच्या जुन्या बाजारात चामडी सपाता विकणाऱ्या तहामींना दर्ग्यातल्या शेखांनी एक साधना दिली. रोज दुपारच्या नमाजानंतर डोळे मिटून बसायचं आणि श्वासागणिक मनातल्या मनात अल्लाचं नाव घ्यायचं. संध्याकाळपर्यंत ही बातमी साऱ्या बाजाराला कळली. (सांगणारे अर्थात तहामीच.)

घरातली मागची थंडगार खोली त्यांनी ध्यानासाठी ठरवली आणि बायकोला, घीथाला बजावलं, "मी बसलो की हाक मारायची नाही. छप्पर कोसळलं तरी."

"आणि काही विचारायचं असलं तर?"

"मान हलवीन." (इथेच घात झाला.)

शुक्रवार होता. पोटात दुपारच्या जेवणातल्या कुसकुसचा, त्या वाफवलेल्या रव्याचा, डोंगर. तहामी बसले, थोडा वेळ नाव चाललं, मग नुसताच श्वास उरला. डोळे उघडले तेव्हा घीथा खोलीत गादी ओढून आणत होती.

"हे काय?"

"आईसाठी. तिला कायमची इकडे आणू का, ही खोली देऊ का, असं विचारलं मी. तुम्ही किती सावकाश, शांतपणे मान हलवलीत. फोनवर आईला सांगताना रडूच आलं मला."

नाही म्हणावं, तर मान झोपेत डुलली हे कबूल करणं आलं. आणि घीथाचे डोळे अजून ओलेच होते.

"हो... हलवली खरी," ते म्हणाले.

सासूबाई, लल्ला बतूल, बोचकी घेऊन आल्या आणि दुसऱ्याच दिवशी जावयाशेजारी मांडी घालून बसल्या. "मीही बसत जाईन. चालेल ना?" तहामी एक डोळा किलकिला करून पाहत. म्हातारी दगडासारखी स्थिर. त्यांना बरं वाटू लागलं. घरात गप्प बसायला सोबत मिळाली होती.

काही दिवसांनी सासूबाई आसन काखेत मारून गच्चीकडे निघाल्या.

"का हो, इथे काय झालं?"

"राग मानू नका, जावईबापू. वर तांबटांची ठोकाठोक ऐकू येते, पण ती एका लयीत असते. तुमच्या घोरण्याचा काही भरवसा नाही."

तहामींनी आशेने बायकोकडे पाहिलं. घीथा चहासाठी पुदिना निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"माझ्याकडे काय बघता? त्या शुक्रवारीही घोरतच होतात. म्हणून तर तेव्हा विचारलं."