बिशपसाहेबांचं माप

आमच्या केजमधले भीमराव टेलर तारीख-वार मानत नाहीत. ब्लाउज कधी मिळेल असं विचारलं, की सुई दातांत धरून सांगतात, "हिरवा लागला की या." बाई आभाळाकडे बघत घरी जाते. तिला काय ठाऊक, हिरवा म्हणजे बिशपसाहेबांच्या झग्याचा रंग! उपासाच्या चाळीस दिवसांत जांभळा, ईस्टरला पांढरा, मग लाल, मग हिरवा.

भीमरावकाका स्वतः बौद्ध. चर्चमध्ये वर्षातून एकदा, बिशपसाहेब येतात त्या दिवशी, शेवटच्या बाकावर बसून आपली शिलाई बघतात. पण एका नवरदेवाला त्यांनी दम भरला होता, "जांभळ्यात लगीन? शोबतं का बे?" नवरदेव बिचारा मारुतीचा भक्त.

खोड एकच. काकांनी शिवलेला बिशपांचा प्रत्येक झगा डावीकडून वर चढतो. बिशप बदलले, खोड तीच. डोक्यावर दोन टोकांची उंच टोपी, उजवा हात आशीर्वादाला आणि डाव्या हाताने झगा खाली ओढणं चालू.

यंदा फादर वैतागले. लाल झगा वाकडा निघाला तर पुढचे शहरातून तयार आणू, असा निरोप त्यांनी माझ्याकडे दिला. तो ऐकून काकांनी मशीन थांबवली.

"माप बराबर हाय. माणूस चुकलाय."

मी हट्टाने मापांची वही काढली. वर लिहिलं होतं, 'बिशपसाहेब'. खाली, 'डावा खांदा सव्वा इंच उतार.'

असा खांदा मी एकच पाहिला होता, माझ्या वडिलांचा. चर्चची बाजाची पेटी त्या खांद्याला अडकवून ते जन्मभर गावोगाव भजनं म्हणत हिंडले; सगळे त्यांना मास्तर म्हणत.

"पयल्या टायमाला बिशपाला टेप लावायची माजी हिंमत न्हवती," काका म्हणाले. "तुजा बाप म्हनला, मी उबा ऱ्हातो, अंगानं आमी सारखेच. हे कामबी त्यानंच आनून दिलतं. आता वरसातून एकदा वाटतं, मास्तर चालत आलं. सरळ कशाला करू?"

वडील जाऊन अकरा वर्षं झाली. मी त्यांच्या फोटोला हार घालत होतो आणि हा माणूस त्यांना दरवर्षी बिशपाचा झगा घालून वेदीपर्यंत चालवत नेत होता. एवढे उपकार माझ्यावर कुणी केलेले नाहीत. तरी मी म्हणालो, काका, हातचं काम जाऊ देऊ नका. त्यांनी लाल झग्याची डावी शिवण उसवली.

बिशपसाहेब आले. झग्याची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ. फादर खूश. शेवटच्या बाकावर काका मान खाली घालून आपल्या चपलांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन उभा राहिलो. आयुष्यभर तयार शर्ट घालणारा मी, सदरा शिवायला सांगितला. वडिलांनंतर चर्चची पेटी मीच वाहतो. काकांनी टेप माझ्या डाव्या खांद्यावर टेकवली. हात बराच वेळ तिथंच राहिला.

मग त्यांनी वही उघडली आणि 'बिशपसाहेब' लिहिलेलं जुनंच पान काढलं.

"नवं पान लागत न्हाई," म्हणाले.