सोपं मैदान, अवघड खुर्ची

"एवढ्या सोप्या मैदानावर हरतोस म्हणजे कमाल आहे बाबा तुझी!" असं दरवर्षीप्रमाणे मेव्हण्याला सुनावून गोल्फ क्लबचे सेक्रेटरी आरामखुर्चीत, बायकोने शिवलेल्या उशीला टेकून रेलले. खुर्ची सासऱ्यांची. ते गेल्यापासून जावई आणि मुलगा वर्षातून एक सामना खेळत, आणि जिंकेल त्याच्याकडे ती खुर्ची राही. मेव्हण्याच्या घराचा उंबरठा तिने अजून पाहिला नव्हता. गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो, म्हणून कच्च्या खेळाडूला सवलत देतात, त्याचे काही फटके वजा करतात. मेव्हण्याचे किती करायचे ते अंदाजाने ठरे, आणि अंदाज अर्थातच सेक्रेटरींचा!

पण यंदा मेव्हण्याला वाचा फुटली. "मैदान सोपं म्हणता ना, भाऊजी? मग तुमच्या जिंकण्याला तरी काय किंमत?"

झालं! सेक्रेटरींच्या हे असं जिव्हारी लागलं की दुपारची डुलकी उडाली. मैदान अवघड आहे हे सिद्ध करायचंच, असा त्यांनी चंग बांधला. मैदानांचा अवघडपणा मोजून त्याचा आकडा देणाऱ्या बाईंना बोलावणं गेलं आणि माळ्याला हुकूम सुटला, "कडेच्या गवताला हात लावायचा नाही."

बाई चाकाची मोजपट्टी ढकलत आल्या. तळं किती लांब, वाळूचे खड्डे कुठे, झाडं किती दाट, सगळं मोजत निघाल्या. गवतात त्यांचा बूट दिसेनासा झाला.

"नेहमी एवढंच वाढलेलं असतं?"

"नेहमी!" सेक्रेटरी छातीठोकपणे म्हणाले.

"मग असंच ठेवा हं. आकडा यावरच निघणार."

"आकडा मोठा येईल ना? अवघड आहे ना?"

बाई थांबल्या. "अवघड कुणाला, ते आधी बघावं लागतं. पट्टीच्या खेळाडूचा चेंडू हे तळं ओलांडून जातो. साध्या माणसाचा नेमका त्यातच पडतो. तुमचं मैदान साध्या माणसाला फार छळतं हो."

सेक्रेटरींना छळ तेवढा ऐकू आला. दणदणीत आकडा आला, आणि त्यांनी तो फाटकावर हौसेने रंगवून घेतला. गवत मात्र आता कापायची सोय राहिली नाही. सभासदांचे चेंडू हरवू लागले, सेक्रेटरींचे स्वतःचेही हरवले, पण सांगतात कुणाला?

पुढच्या सामन्याला मेव्हणा फाटकापाशीच रेंगाळला.

"भाऊजी, मैदान अवघड तशी कच्च्या माणसाची सवलत वाढते ना? या आकड्याने माझे सात फटके जास्त वजा होतात. बाईंना विचारून आलोय."

सेक्रेटरींचा चेहरा खर्रकन उतरला. आपण लावलेल्या रंगाला आपणच खोटं कसं म्हणणार? मेव्हणा तळ्यात पडला, वाळूत अडकला, गवतात हरवला आणि एका फटक्याने जिंकला. संध्याकाळी खुर्ची टेम्पोत चढली. उशी तेवढी मागे राहिली.

सेक्रेटरी पायरीवर बसले. इतकी वर्षं आपण त्याला 'सोपं, सोपं' म्हणत आलो, ते कुणाच्या मापाने? त्यांना मनापासून वाईट वाटलं. खुर्चीचं तर वाटलंच.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याचा फोन आला. "भाऊजी, बाबांची खुर्ची फार अवघड आहे हो! पाठीला रग लागली."

"अवघड? अरे, इतकी सोपी..." सेक्रेटरींनी जीभ चावली. "तुला अवघडच जाणार. थांब, उशी घेऊन येतो."

बायकोने उशी झटकून त्यांच्या हातात दिली. "म्हणजे अहो, इतकी वर्षं तुम्हीही सवलत घेऊनच बसत होतात की!"