दहाव्या सहीचं शेपूट

निवडणुकीचा अर्ज कसा भरायचा, हे मला कुणी शिकवायचं नाही! एकतीस वर्षं नगरपालिकेच्या खिडकी क्रमांक तीनवर बसून मी लोकांचे अर्ज तपासलेत. तपासलेत म्हणजे, खरं सांगायचं तर, परत केलेत. तारीख नाही? परत! शाई निळी आहे, काळी हवी? परत! सही चौकटीबाहेर गेली? परत, आणि वर "उद्या या"! निवृत्तीच्या दिवशी मोठे साहेब भाषणात म्हणाले, "यांच्या हातून चुकीचा अर्ज कधी सुटला नाही." मागून कुणीतरी पुटपुटलं, "बरोबर अर्ज तरी कुठे सुटला?" मी तिकडे लक्ष दिलं नाही.

तर असा मी, नगरसेवकपदाला उभा राहिलो. हौस म्हणून नाही हो! आमची गल्ली उंचावर आहे. खाली बाजारात जायला बेचाळीस दगडी पायऱ्या, आणि त्यांना कठडा नाही. दुसरी वाटही नाही. दीड वर्षापूर्वी बायको तिथे घसरली आणि तिचा गुडघा गेला. तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. तिची धाकटी बहीण पायऱ्या संपतात तिथेच राहते. रोज सकाळी ही वरच्या खिडकीतून हात करते, ती खालच्या दारातून हात करते, आणि मग दोघी फोनवर बोलतात.

आणि त्यातली खरी मेख सांगतो. नऊ वर्षांपूर्वी अख्ख्या गल्लीने कठड्यासाठी अर्ज दिला होता. तो आला खिडकी क्रमांक तीनवर. एक सही चौकटीबाहेर गेली होती. मी काय केलं असेल, ते तुम्ही ओळखलंच.

म्हणून बायकोला शब्द दिला, "निवडून येतो आणि पहिल्या महिन्यात कठडा लावून दाखवतो!"

ती म्हणाली, "अहो, आधी अर्ज तर नीट भरा."

मला! अर्ज नीट भरा म्हणे!

अर्जावर वॉर्डातल्या दहा जणांच्या सह्या लागतात. दहा म्हणजे काय, हातचा मळ! अर्ज घेऊन पहिल्यांदा न्हाव्याकडे गेलो. म्हटलं, दाढीही होईल आणि सहीही. त्याने अर्ध्या गालाला साबण लावला, वस्तरा धरला आणि घड्याळाकडे बघितलं.

"जेवणाची सुट्टी झाली, साहेब."

"अरे, अर्धी दाढी राहिलीय!"

"दोन वाजता या. रांगेत पहिला नंबर तुमचाच."

हे माझंच वाक्य! अगदी स्वरासकट! तोंडाला फेस घेऊन मी बाकावर तासभर बसलो. दोन वाजता त्याने उरलेली दाढी केली, सही केली आणि वर म्हणाला, "माझ्या दुकानाच्या परवान्याला तुम्ही सात महिने लावले होते. मी तासातच सोडलं, बरं का!"

समोरच्या मास्तरीणबाईंनी दारातच उभं केलं. "ओळखपत्र आणलंय?"

"बाई, वीस वर्षं समोर राहतो मी!"

"ते खरं हो. पण कागद काय म्हणतो?"

ओळखपत्र आणलं. मग त्याची प्रत आणली. मग बाई म्हणाल्या, प्रत फिकट आहे. चौथ्या खेपेला सही मिळाली, तीही लाल शाईत! नवा अर्ज आणून न्हाव्यापासून पुन्हा सुरुवात केली. औषधवाल्याने सांगितलं, "संबंधित माणूस रजेवर आहे." संबंधित माणूस तोच होता! काय सांगू तुम्हाला, आठ दिवसांत मी वॉर्डातल्या प्रत्येक दारात उभा राहिलो आणि प्रत्येक दारात मला मीच भेटलो. लाज वाटली. खरंच वाटली. रडकुंडीला आलो होतो.

शेवटी नऊ सह्या झाल्या. मुदत संपायला तास उरला होता. दहावी कुणाची? बायको ओट्याशी कणीक मळत होती. तिने हात पुसले, पेन घेतलं आणि झरकन सही केली.

"बघा हो नीट, तपासून घ्या."

"घरच्या सहीला कोण तपासतं!" म्हणत मी पायऱ्या उतरत सुटलो.

माझ्याविरुद्ध एकच उमेदवार होता, पैलवान. वजन जेमतेम पन्नास किलो, पण व्यायामशाळा चालवतो म्हणून पैलवान. त्याने एकाच्या जागी चार अर्ज भरले होते. चालतात तसे, एक बाद झाला तर दुसरा उपयोगी पडतो. मला मनातून हसू आलं. ज्याला एक अर्ज धड भरता येत नाही, तो चार भरतो!

दुसऱ्या दिवशी छाननी. टेबलामागे अधिकारी म्हणून कोण बसलेलं? माझ्याच हाताखाली खिडकी तीनवर शिकून मोठा झालेला माणूस! त्याने पैलवानाचा पहिला अर्ज उघडला. मी मान लांब करून बघितलं आणि अंगात वीज शिरली.

"आक्षेप! सहावी सही चौकटीबाहेर आहे!"

"सर, सूतभर आहे हो. जाऊ द्या ना."

"नियम म्हणजे नियम!"

"सर, मी सगळे अर्ज सकाळीच चाळलेत. तुमच्या पाया पडतो, एवढा हट्ट धरू नका."

माणसाने सावध व्हावं की नाही? पण माझ्या हातात पेन आलं होतं. मी आक्षेप लेखी दिला. तीन प्रतींत दिला! त्याने सुस्कारा सोडून तो अर्ज बाद केला. मग पैलवानाचा दुसरा अर्ज उघडला. सगळ्या सह्या चौकटीत, शिस्तीत. मंजूर!

मग माझा उघडला आणि माझ्यापुढे सरकवला.

नऊ सह्या आखल्यासारख्या. आणि दहावी? बायकोच्या सहीच्या शेवटच्या अक्षराला एक शेपूट आहे. ते चौकट ओलांडून, समास ओलांडून, थेट कागदाच्या कडेपर्यंत गेलं होतं. मी बोटाने झाकून पाहिलं. बोट पुरलं नाही.

"सर," तो हळूच म्हणाला, "तुम्हीच शिकवलंत."

अर्ज बाद. पैलवान बिनविरोध! लोकांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं. हलकाच तो, एकानेच घेतला. मी बाद झालेला कागद खिशात कोंबून बेचाळीस पायऱ्या चढलो. जन्मात एवढ्या जड पायऱ्या लागल्या नव्हत्या.

बायको खिडकीतच होती. "झालं का हो?"

"बाद झाला."

"कुणाच्या सहीने?"

मी खिशातला कागद तिच्यापुढे धरला. ती समजली.

"शेपूट?"

"शेपूट."

तिने कागदाच्या सुरकुत्या हाताने सपाट केल्या. मग म्हणाली, "नऊ वर्षांपूर्वीची ती सहीसुद्धा माझीच होती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कधी बोलले नाही."

एकतीस वर्षं मी सह्या बघितल्या, पण त्या कुणाच्या आहेत ते एकदाही वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून पैलवानाकडे गेलो. कठड्यासाठी सात पानी अर्ज, दोन प्रती, नकाशा, जोडपत्र. त्याने तो गठ्ठा हातातसुद्धा घेतला नाही.

"कठडा ना? अहो काका, मग तोंडी सांगायचं की!"

अकराव्या दिवशी कठडा उभा! अर्ज नाही, सही नाही, जावक क्रमांक नाही. हिरवा रंगही दिला. शेवटच्या पायरीच्या वीतभर पुढे गेलाय तो, म्हणजे सरळसरळ हद्दीबाहेर. मी पेन काढलं होतं. बायकोने नुसतं बघितलं, मी ते खिशात ठेवलं.

मग तिने कठडा धरला आणि एक एक पायरी करत उतरली. दीड वर्षाने! खाली बहीण दारात उभी होती. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मी वर उभा राहून, कुणी बघत नाही असं बघून, डोळे पुसले.

तिथपर्यंत सगळं छान झालं. पण त्याला आज पाच दिवस झाले. ओट्यावर मी केलेला भात आहे, तो चमच्याला सोडत नाही. रोज सकाळी वरच्या खिडकीतून मी हात करतो, खालच्या दारातून दोघी हात करतात, आणि मग मी फोन लावतो.

"अगं, घरी कधी येतेस?"

पलीकडून दोघींच्या हसण्याचा आवाज येतो आणि बायको म्हणते, "उद्या!"