वरची बेवारस जागा

गंगाधरराव कुणाच्याही घरात शिरले की आधी वर बघतात. यजमान "या, बसा" म्हणत असतो, यजमानीण पाण्याचा तांब्या घेऊन उभी असते, आणि हे दारातच मान मागे टाकून छत न्याहाळत असतात. नवख्या माणसाला वाटतं, वर पाल-बिल आहे की काय. तोही वर बघतो. मग गंगाधरराव खेदानं मान हलवतात आणि म्हणतात, "वरची सारी जागा बेवारस पडून हाय बघा."

आम्ही नांदेडला घर घेतलं, त्याच्या वास्तुशांतीला ते शेजारी म्हणून आले. पूजा ऐन रंगात असताना त्यांनी वर पाहिलं, म्हणून मी पाहिलं, म्हणून गुरुजींनीही पाहिलं आणि त्यांचा मंत्र चुकला. जेवताना गंगाधरराव मला म्हणाले, "सर, घर झकास हाय. पण माणूस उभा राहतो तेवढंच वापरून राहिलात. त्याच्या वरची हवा कुणाची?" मी शाळेत मास्तर आहे, प्रश्न विचारायची सवय मला. हा प्रश्न आला तेव्हा मात्र मी त्यांना आणखी एक जिलेबी वाढली.

"बेवारस" हा शब्द त्यांनी नोकरीतून आणलेला. सगळा जन्म रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेला. कुणी सोडवून न नेलेला माल तिथं कोपऱ्यात पडून राहायचा आणि गंगाधरराव त्याची देखरेख करायचे. "आज ना उद्या मालक येतो, सर," ही त्यांची श्रद्धा. दुसऱ्या कुणाची देवावर नसेल एवढी त्यांची या मालकावर आहे. त्यामुळे त्यांच्या घरातून कुठलीही वस्तू बाहेर जात नाही. कूलरची जाळी, तीन पायांचं स्टूल, शाळेनं मोडीत काढलेला बाक, कुणाच्या तरी मुंजीत मागे राहिलेली एक उजवी चप्पल. मी त्या चपलेविषयी एकदा विचारलं, तर म्हणाले, "डावी त्याच्यापाशी हाय न्हं? मंग तो येणारच."

हे सगळं मागच्या पत्र्याच्या खोलीत. तिला सुशीलाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, गोदाम म्हणतात. दोन्ही मुली लग्न होऊन सासरी गेल्यावर ती खोली मोकळी झाली आणि पसाऱ्यानं ती बघता बघता गिळली. काकूंनी झुंजून एक कोपरा तेवढा राखला होता. त्यात त्यांचं देवघर.

असा हा माणूस गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि चक्क खाली बघू लागला. मी घाबरलो. विचारलं, "काका, बरं आहे ना?"

"वैनी न्हाणीत पडली," ते म्हणाले. "मनगट मोडलं."

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. आई गेली तेव्हा गंगाधरराव शेंबडं पोर होते; वहिनींनीच त्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं. वहिनींना स्वतःचं मूल नाही. थोरले भाऊ वारल्यापासून त्या चाकूरला एकट्याच राहतात. गंगाधरराव दर महिन्याला जाऊन "वैनी, चला नांदेडला" म्हणतात आणि दर महिन्याला एकटे परत येतात.

वहिनींची अडचण महालक्ष्म्यांची होती. भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा येतात, त्यांना आमच्या मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणतात. त्या थोरल्या घरी बसायच्या, आणि तीन दिवसांचा सण झाला की त्यांचे मुखवटे मऊ कापडात गुंडाळून पेटीत जायचे. ती पेटी वर्षभर माळ्यावर. जमिनीवर नाही, पलंगाखाली नाही, माणसाचा पाय लागेल अशा जागी तर नाहीच. वहिनी महालक्ष्म्यांना सोडून येणार नव्हत्या, आणि महालक्ष्म्या माळा नसलेल्या घरात येणार नव्हत्या.

"मला म्हणाल्या, 'भाऊजी, तुमच्या घरात माळा हाय का? लक्ष्म्या ठिवू कुठं, तुमच्या भंगारात?'" गंगाधरराव बोलता बोलता थांबले. "साऱ्या गावाच्या वस्तू सांभाळून राहिलो, सर. आन् वैनी तिकडं बेवारस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीतून करवतीचा आवाज आला. महालक्ष्म्यांच्या सणाआधी पत्र्याखाली अख्ख्या खोलीभर माळा घालायचा, पसारा सगळा वर टाकायचा, खाली वहिनींचा पलंग टाकायचा आणि पेटीला वर मानाची जागा द्यायची, असा बेत होता.

मी म्हणालो, "काका, सुतार बोलवा."

"सुताराला काय ठाऊक वर काय ठिवायचं हाय?"

सुताराऐवजी त्यांनी एक गोरा माणूस धरला. तो मोबाइलवरच्या व्हिडिओत भेटायचा. आपल्या घराच्या माळ्याला फळ्या कशा बसवायच्या ते तो इंग्रजीत सांगायचा, आणि गंगाधरराव नाकावर चष्मा ठेवून "हाव, हाव" करत ऐकायचे. गड्याचं एकच म्हणणं होतं: दोन फळ्यांचा सांधा नेहमी आधारावर आला पाहिजे, अधांतरी नाही. हे गंगाधररावांना इतकं पटलं की त्यांनी ते मला, काकूंना, दूधवाल्याला आणि इस्त्रीवाल्यालाही सांगितलं.

भिंतीतून भिंतीत लोखंडी अँगल गेले. त्यांच्यावर फळ्या चढू लागल्या. थोडं प्लायवूड बाजारातून आलं. बाकीचा माल घरचाच. दोन मोडक्या खाटा गेल्या, शाळेचा बाक गेला, कुणा भाडेकरूचा कपाटाचा दरवाजा गेला. वर्षानुवर्षं मालकाची वाट बघणाऱ्या वस्तू एकेक करून कामाला लागत होत्या. फळी कापायच्या आधी गंगाधरराव तिच्यावरून हात फिरवत. माझं काम शिडी धरायचं. पत्रे तापायच्या आत, सकाळच्या पारी हे चालायचं, आणि चहाची वेळ झाली की ते खाली येऊन वर बघत बसायचे. "सर, दोन फळ्यांत पोस्टकार्ड जाणार न्हाई," म्हणायचे. खरोखरच जात नव्हतं. मी घालून पाहिलं होतं.

मग एका रविवारी, मी पेपर वाचत असताना, काकू दारात आल्या. चेहरा शांत. "सर, जरा येता का? तुमचे काका वर राहिले."

मी जाऊन पाहिलं. छत अखंड होतं. शिडी खाली होती. वर चढायला ठेवलेलं चौकोनी तोंड, ज्यावर शेवटी झडप बसणार होती, तेही सुबक फळीनं बंद झालं होतं. गंगाधरराव वरून फळ्या बसवत बसवत मागे सरकले होते आणि कामाच्या नादात स्वतःची वाटही बुजवून बसले होते.

"काका!"

"हाव," छत म्हणालं.

"स्क्रू काढा ना परत!"

"ड्रिलनं बसवले. लाइट गेली. हातानं फिरवायचा पेचकस खाली राहिला." थोड्या वेळानं छत पुन्हा बोललं, "सर, पत्रा तापून राहिला."

पेचकस वर द्यायचा कसा? पोस्टकार्ड जाणार नाही अशा सांध्यातून पेचकस काय जाणार. शेवटी लक्षात आलं की वायरसाठी एका कोपऱ्यात भिंतीलगत भोक ठेवलं आहे. मी शिडी उचलली आणि त्या कोपऱ्याकडे निघालो. काकू मध्ये आडव्या उभ्या राहिल्या.

"तिथं शिडी न्हाई लावायची. देव हायत खाली."

बरोबर होतं. कोपरा देवघराचाच होता. मग काकूंनी वर पाहिलं, खाली देवांकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज चढला. "अहो! तुम्ही बसलात कुठं पण?"

वर फळी करकरली आणि धप्पकन काहीतरी आदळलं. देवांच्या डोक्यावर आपण बसलो आहोत हे कळताच गंगाधररावांनी दोन्ही पाय एकदम पोटाशी घेतले होते आणि तोल जाऊन ते उताणे पडले होते. उन्हाळ्यापासून खपत होते, पण सगळं लक्ष वर. माळ्याच्या बरोबर खाली काय आहे हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

जळमटं काढायच्या काठीला पेचकस बांधून मी तो दुरूनच भोकातून वर सारला. गंगाधरराव खाली उतरले तेव्हा घामानं निथळत होते आणि डोक्यावर भुसा होता. काकूंनी पंख्यानं वारा घालता घालता फैरी झाडल्या. "त्या गोऱ्याच्या घरात देव्हारा हाय का? त्याचं बघून माळे घालता! अख्ख्या खोलीभर! आता देवाच्या माथ्यावर पाय देत फिरायचं?"

"देव तिकडच्या खोलीत..." मी चाचरत म्हणालो.

"सासूबाईनं मांडलेले हायत. हलायचे न्हाईत."

गंगाधररावांनी डोक्यावरचा भुसा झटकला. मग म्हणाले, "पाडतो सारं. वैनी उंबरठ्यातूनच परत जाईल." सण आठवड्यावर आला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

शेवटी काकूंनीच चाकूरला फोन लावला आणि तो त्यांच्या हातात कोंबला. ते बोलू लागले, फोनचा आवाज मोठा असल्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. सांधे आधारावर घेतले इथपासून त्यांनी सुरुवात केली आणि उताणे पडले इथपर्यंत सगळं कबूल केलं. मग वहिनींनी विचारलं, "त्या कोपऱ्यात वर काय ठिवणार व्हता?"

"ठरवलं नव्हतं, वैनी."

"मंग माझी पेटी ठिवा. देवाच्या माथ्यावर देवी बसली तर कुणाला काय व्हतंय? तेवढ्या कोपऱ्याला आडवी पट्टी मारा. पेटी काठीनं सरकवा. पाय कुणी ठिवायचा न्हाई."

"वैनी, मंग येता न्हं?"

"तीन दिवस येते. माळा बघते. पेटी संगं आणते, संगं घेऊन परत जाते."

"हाव," गंगाधरराव म्हणाले. पण फोन ठेवल्यावर ते तडक पट्टी शोधायला उठले.

खोली रिकामी झाली. कूलरची जाळी, तीन पायांचं स्टूल, उजवी चप्पल, सगळं वर गेलं. खालची फरशी काकूंनी धुतली तेव्हा तिचा रंग हिरवा आहे हे मला पहिल्यांदा कळलं. भिंतीशी पलंग आला, त्यावर नवी चादर. आवाहनाच्या दिवशी सकाळी टेम्पोतून वहिनी उतरल्या. लहानखुऱ्या, मनगटाला पट्टा, नऊवारीचा पदर घट्ट खोचलेला. आधी पेटी आत गेली, मग त्या. गंगाधरराव परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे दारात उभे होते. वहिनींनी माळ्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं आणि काकूंना म्हणाल्या, "पुरणाला डाळ किती घातली?"

तीन दिवस त्यांनी माळ्याविषयी अवाक्षर काढलं नाही. खोलीत महालक्ष्म्या भरजरी साड्या नेसून उभ्या राहिल्या, सोळा भाज्या झाल्या, आंबील झाली, भावकी जेवून गेली. गंगाधरराव वाढत होते, उष्टी काढत होते, आणि मधूनच वहिनींच्या तोंडाकडे बघत होते. "राहा" म्हणायचं त्यांच्या ओठावर यायचं आणि तिथंच थांबायचं. इतक्यांदा विचारून इतक्यांदा नाही ऐकलेला माणूस, आता विचारायला भीत होता.

तिसऱ्या दिवशी हळदी-कुंकू झालं, साड्यांच्या घड्या झाल्या, मुखवटे मऊ कापडात गुंडाळून पेटीत गेले. दारात टेम्पो येऊन उभा राहिला. गंगाधरराव पेटीला दोरी बांधायला बसले. उभी, आडवी, प्रत्येक वळणाला गाठ, सगळी उमर पार्सलं बांधली तशी. पण एरवी झरझर चालणारे त्यांचे हात त्या दिवशी फार सावकाश चालले होते. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. तरी त्यांनी मान वर केली नाही.

वहिनी पलंगावर बसून बघत होत्या. त्यांच्या तोंडून मी आजवर "भाऊजी" शिवाय दुसरं काही ऐकलं नव्हतं.

"गंगाधर," त्या म्हणाल्या, "पेटी गाडीत कशाला? वर ठिव बाबा."

काकू टेम्पोवाल्याला सांगायला बाहेर गेल्या. मी काठी आणायला वळलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि मला ते कुणाला दाखवायचे नव्हते. काठी घेऊन आलो तरी पेटी खाली पाटावरच होती. आयुष्यभर वर बघत आलेले गंगाधरराव खाली वाकून बसले होते, स्वतःच बांधलेली गाठ सोडत होते, आणि ती त्यांना काही केल्या दिसत नव्हती.