त्रेचाळीस मांजरं आणि एकही मालक नाही

बाजाराच्या दिवशी सकाळी शिरूरच्या धान्याच्या शेडपुढे माणसांची रांग लागलेली पाहून सोपानरावांचा ऊर भरून आला. शिरूर-दौंड मांजरप्रेमी मंडळाचे ते चिटणीस. दुष्काळानंतर गोदामांत उंदीर माजले, तेव्हा चौऱ्याहत्तर साली मंडळ निघालं. पहिल्या प्रदर्शनाला नऊ मांजरं आली. दुसऱ्याला चार, आणि त्यांतली दोन सोपानरावांचीच. "यंदा पंचवीस झाली न्हाईत तर मंडळाला कुलूप," असं अध्यक्ष मच्छिंद्र गार्ड यांनी दौंडहून बजावलं होतं.

आज रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात पोतं होतं, आणि प्रत्येक पोतं हलत होतं.

"नाव?" सोपानरावांनी वही उघडली.

"माजं खंडू, निमोण्याचा. हिला नाव कुनी ठिवलंय?" खंडूनं पोतं टेबलावर ठेवलं आणि तो चालू लागला.

"अहो, मांजर सोडून कुठं निघालात?"

"बाजाराला! तुमीच छापलंय न्हवं, मांजरं जमा करावीत? केली जमा."

सोपानरावांनी घाईघाईनं खिशातलं हँडबिल काढलं. 'आपापली मांजरे सकाळी दहापर्यंत मंडळाकडे जमा करावीत.' मजकूर त्यांचाच. जन्मभर कचेरीत खर्डेघाशी केलेल्या माणसाला 'आणावीत' हा शब्द सुचलाच नव्हता. दूध फस्त करणारी, कोंबडीची पिल्लं पळवणारी मांजरं लोक एरवी पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येत. ते काम मंडळानं अंगावर घेतलं, अशी बातमी केंदूर-निमोण्यापर्यंत पोचली होती.

दहा वाजता शेडमध्ये त्रेचाळीस मांजरं होती आणि मालक एकही नव्हता.

तेवढ्यात मच्छिंद्र गार्ड परीक्षकांना घेऊन हजर झाले. परीक्षक म्हणजे बबनराव, गुरांचे डॉक्टर.

"चिटणीस, कमाल केली राव तुम्ही! पन मालक कुठं हायेत?"

"चहाला गेलेत," सोपानराव म्हणाले.

"सगळे?"

"एकी फार आहे हो त्यांच्यात."

बबनरावांनी कामाला हात घातला. त्यांनी एकेका मांजराचा जबडा उघडून दात पाहिले, पाठीवर थाप मारली, शेपूट उचलली. तीन ठिकाणी ओरखडे निघाल्यावर केंदूरच्या एका तांबड्या बोक्यापाशी ते थबकले. "ह्यो पयला. वशिंड सोडलं तर कशात म्हून कमी न्हाई."

अध्यक्षांनी कर्णा हातात घेतला. "केंदूरचा तांबडा बोका पयला आला हो! मालकानं स्टीलची कळशी घिऊन जावी!"

मग कोथिंबिरीची जुडी तशीच टाकून केंदूरची तानुबाई पळत आली. "माजं लेकरू गं ते! सकाळपासनं घास न्हाई उतरला मला!"

पाठोपाठ आणखी तिघींची लेकरं तांबडीच निघाली. सोपानरावांनी वही पुढे धरली. तांबड्यापुढे नाव तानुबाईचंच होतं. कळशी तिला मिळाली, पण बाकीच्या तिघी हलेनात. आता इथं मारामारी होणार आणि मांजरं आपल्याच गळ्यात राहणार, हे सोपानरावांना दिसलं. एका भांडीवाल्यानं मंडळाला पन्नास वाट्या दिल्या होत्या, त्या त्यांना आठवल्या.

"जो मांजर घरी नेईल, त्याला एक स्टीलची वाटी!" ते ओरडले.

तासाभरात शेड रिकामी झाली. सकाळी ज्यांनी काही आणलं नव्हतं, तेही मांजर घेऊन गेले. सोपानरावांनी वाट्या मोजल्या. सात उरल्या होत्या. मंडळ वाचलं होतं. त्या दिवशी ते घरी जाऊन पोटभर जेवले आणि ताणून झोपले.

महिन्याभरानं गावातल्या पार्वतीबाई टोपली घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. टोपलीत डोळे न उघडलेली पाच पिल्लं होती.

"तुमच्यातनं नेल्याली मांजर यायली," त्या म्हणाल्या. "मांजरामागं वाटी म्हनला हुता. पाच द्या."

सोपानराव डोकं खाजवून हसले. हिशेबात खोट काढायला जागा नव्हती. त्यांनी आतून पाच वाट्या आणून दिल्या आणि पुढच्या प्रदर्शनासाठी वहीत पाच मांजरं आगाऊ लिहून घेतली. इतकी चांगली सुरुवात मंडळाची कधीच झाली नव्हती.

पार्वतीबाईंनी वाट्या पदराआड घेतल्या आणि पायऱ्या उतरता उतरता मागे वळून पाहिलं.

"उरल्यात का आनिक? न्हाई, शेजारची सोजरबाई इचारीत हुती. तिचीला अजून आठ दिस हायेत."