रिकामी फेरी

सात दिवसांच्या सहलीचा अकरावा आराखडा मिनिटरावांनी जेवणाच्या टेबलावर पसरला, तेव्हा बाईंनी आपलं ताट उचललं आणि त्या खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. गेले चार महिने घरातली जेवणं त्या कट्ट्यावरच होत होती. टेबलावर दोन किल्ले, तीन राजवाडे, चार मकबरे, एक पायऱ्यांची विहीर आणि एक मनोरा यांनी मुक्काम ठोकला होता, आणि त्यांना हलवायची कोणाची हिंमत नव्हती.

मिनिटराव हे नाव त्यांना बस आगाराने दिलं होतं. तिथल्या वेळापत्रक विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. कोणती गाडी कोणत्या थांब्यावर किती मिनिटं उभी राहणार, हे ठरवता ठरवता माणसाचं जे होतं ते त्यांचंही झालं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी थट्टेने एक स्टॉपवॉच भेट दिलं. थट्टा मिनिटरावांच्या लक्षात आली नाही. त्या दिवसापासून ते त्यांच्या गळ्यात होतं, आणि घरात दूध किती मिनिटांत उतू जातं याची नोंद होऊ लागली. उतू जायचं मात्र थांबलं नाही.

सहल हवी होती ती त्यांच्या बायकोला, म्हणजे बाईंना. बाईंनी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता आणि दर वर्षी त्या फळ्यावर तो मनोरा काढायच्या. पाच मजले, चार सज्जे, एकशे सेहेचाळीस पायऱ्या. दर वर्षी वर्गातलं कोणीतरी विचारायचं, "बाई, तुम्ही वर गेलाय का?" आणि बाई म्हणायच्या, "जाणार आहे." आता शाळा संपली होती आणि गुडघे संपत आले होते. डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो दिव्यासमोर धरून स्पष्ट सांगितलं होतं, की जे काही चढायचं असेल ते या हिवाळ्यात चढून घ्या, पुढच्या हिवाळ्याचं मी सांगू शकत नाही.

तेव्हा घाई होती, आणि मिनिटरावांनी ती मान्य केली होती. पहिला आराखडा त्यांनी एका संध्याकाळीच करून दिला, आणि तो चांगला होता. पण मग त्यांनी शहानिशा केली. एक राजवाडा सोमवारी बंद, दुसरा शुक्रवारी, किल्ल्यातलं संग्रहालय दर दुसऱ्या बुधवारी. शुक्रवार टाळला की सोमवार आडवा यायचा, आणि दोन्ही टाळले की विहीर सूर्यास्तानंतर लागायची.

त्यात आक्का येणार होत्या. आक्का म्हणजे मिनिटरावांच्या थोरल्या बहीण, खालच्याच मजल्यावर राहणाऱ्या. प्रवासात त्यांना दर दीड तासाने उतरावं लागे. का उतरावं लागे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण आराखड्यात त्याला 'तांत्रिक थांबा' असं नाव मिळालं. तांत्रिक थांब्यांमुळे तिसऱ्या राजवाड्याला पंचवीस मिनिटं उशीर होऊन तिकीट खिडकीची जेवणाची सुट्टी गाठली जाई. म्हणून राखीव वेळ धरली. राखीव वेळेमुळे पुढचं सगळं घसरलं, म्हणून त्या घसरणीसाठी आणखी राखीव वेळ धरली. आठव्या आराखड्यात सात दिवसांपैकी अडीच दिवस नुसतेच राखीव होते, आणि त्या वेळात काय करायचं या आक्कांच्या प्रश्नाला मिनिटरावांनी "काहीच नाही, म्हणून तर राखीव," असं उत्तर दिलं.

अकरावा आराखडा मात्र निर्दोष होता. बाईंनी कट्ट्यावरूनच विचारलं, "मग निघायचं कधी?"

"निघायचं?" मिनिटरावांना प्रश्नच कळला नाही. "अजून रिकामी फेरी व्हायचीय."

आगारात कुठलंही नवं वेळापत्रक थेट लोकांवर सोडत नसत. आधी एक रिकामी गाडी सगळ्या मार्गावरून फिरवून आणायची, प्रत्येक थांब्यावर घड्याळ लावायचं, आणि मगच गाडीत माणसं घ्यायची. चौतीस वर्षांत मिनिटरावांनी हा नियम मोडला नव्हता. तो बायकोसाठी मोडणं हा तर त्यांना पक्षपात वाटला.

"म्हणजे तुम्ही एकटे सात दिवस जाऊन येणार?" बाईंनी विचारलं.

"वेळा तपासायला."

"मग मीही येते ना. मागच्या सीटवर गप्प बसेन."

"रिकाम्या फेरीत प्रवासी घेत नाहीत," मिनिटराव म्हणाले. आवाज प्रेमळ होता, पण आगाराचा होता.

बाईंनी ताट धुवायला टाकलं. आराखड्याच्या पाच प्रती निघाल्या, कारण आगारात पाच निघत. एक चालकाला, एक वाहकाला, एक दप्तरी, एक सूचना फलकावर म्हणजे फ्रिजवर, आणि एक नियंत्रण कक्षाला. नियंत्रण कक्ष बाई होत्या. प्रत्येक थांब्यावरून मिनिटराव फोन करणार आणि बाईंनी आपल्या प्रतीवर वेळ टिपून घ्यायची, एवढंच त्यांचं काम. बाईंनी प्रत घेतली, चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि म्हणाल्या, "कागद चांगला केलाय तुम्ही." मिनिटरावांना फार बरं वाटलं.

ठरल्या दिवशी सकाळी सहा वाजता ते आपली गाडी घेऊन एकटे निघाले. मागच्या सीटवर बाईंच्या वजनाइतकी पुस्तकं आणि आक्कांच्या वजनाइतके तांदूळ ठेवले होते, कारण भरल्या गाडीचा वेग वेगळा पडतो. दर दीड तासाने ते तांदळासाठी थांबले.

पहिला किल्ला त्यांनी दोन मिनिटं आधी गाठला. वाहनतळापासून दरवाज्यापर्यंत चालून पाहिलं, दरवाज्याला हात लावला, घड्याळ थांबवलं आणि मागे वळले. आत जायचा प्रश्न नव्हता. आत किती वेळ लागतो हे काढायची त्यांची पद्धत सोपी होती. समोरच्या बाकावर बसायचं, बाईंच्या चालीचं एखादं माणूस आत जाताना हेरायचं, आणि ते बाहेर येईपर्यंत वाट पाहायची. बाकावरूनच त्यांनी नियंत्रण कक्षाला फोन लावला.

"आत गेलात का?" बाईंनी पहिलाच प्रश्न केला.

"आत कशाला? आतला एक तास दहा मिनिटं धरलाय. तुझ्याकडे वारा फार ऐकू येतोय."

"पंखा आहे," बाई म्हणाल्या. "जाऊन या ना आत. तट छान आहे म्हणतात."

मिनिटरावांनी तट आराखड्यात आधीच धरला आहे हे सांगून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मकबऱ्याबाहेरून बोलताना बाईंचा आवाज घुमत होता, आणि तो त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात 'रेंज खराब' म्हणून नोंदवला. राजवाड्यापाशी तर गंमतच झाली. फोनमध्ये कोणीतरी दरबाराची माहिती सांगत होतं, आणि तसंच काहीसं भिंतीपलीकडूनही ऐकू येत होतं. बाईंनी टीव्ही लावल्याचं सांगितलं. इतिहासाचे कार्यक्रम हल्ली फार हुबेहूब करतात असं मिनिटरावांना वाटलं.

एकच गोष्ट त्यांना सतावत होती, ती म्हणजे एक पांढरी टॅक्सी. प्रत्येक वाहनतळावर ती त्यांच्या आधी पोचलेली असे आणि सावलीची एकुलती एक जागा अडवून बसलेली असे. तिसऱ्या दिवशी त्यांनी सहा मिनिटं आधी निघून पाहिलं, तरी टॅक्सी हजर. इतकी वक्तशीर गाडी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'चालक कोण, चौकशी करावी. कौतुकास्पद.'

पाचव्या दिवशी, अकरा वाजून दहा मिनिटांनी, ते मनोऱ्यापाशी पोचले. तिकीट खिडकीजवळ फलक होता. येत्या एक तारखेपासून दुरुस्तीसाठी मनोरा वर्षभर बंद. मिनिटरावांनी फलक शब्दन् शब्द उतरवून घेतला आणि वाहनतळावर येऊन फोन लावला. बाईंनी बऱ्याच वेळाने उचलला. त्यांना धाप लागली होती.

"काय गं, धावत आलीस?"

"जिना चढत होते," बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "अहो, जरा वर बघा."

मिनिटरावांनी वर पाहिलं. सरळ वर, मान मोडेपर्यंत, डोळ्यांवर हात धरून. "ढग नाहीत," ते म्हणाले. "हवा स्वच्छ. नोंद करून घे."

मग बाई म्हणाल्या, "घेतली नोंद."

सातव्या दिवशी संध्याकाळी ठरलेल्या सहा चाळीसला मिनिटराव घरी पोचले. एक मिनिटाचाही फरक नव्हता. दोन हजार किलोमीटरची एवढी निर्दोष फेरी आगाराच्या इतिहासात झाली नव्हती, आणि ते सांगायला त्यांना धीर निघत नव्हता. चहा तयार होता. आक्का सोफ्यावर पाय वर घेऊन पहुडल्या होत्या आणि बाई टेबलापाशी बसल्या होत्या. टेबल रिकामं होतं, पण मिनिटरावांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी त्यावर अहवाल पसरला.

"सगळं जमलं," ते म्हणाले. "चार-दोन दुरुस्त्या केल्या की झालं. येत्या चार तारखेला निघू."

"आणि मनोरा?" आक्कांनी झोपल्या झोपल्या विचारलं.

"मनोरा वगळलाय. एक तारखेपासून बंद होतोय." मिनिटरावांनी चहाचा घोट घेतला. "एका अर्थी बरंच झालं. बावन्न मिनिटं वाचतात."

आक्का उठून बसल्या. त्या काही बोलणार तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात चाळिशीतला एक गडी उभा होता, हातात आक्कांची उशी.

"आक्का, ही टॅक्सीतच राहिली," तो म्हणाला. मग मिनिटरावांकडे बघून तो ओशाळला आणि बाईंना म्हणाला, "बाई, सांगितलंत का?"

"हा माझा विद्यार्थी," बाईंनी ओळख करून दिली. "मागच्या बाकावरचा. इतिहासात दोनदा नापास केलं होतं मी याला. आता टॅक्सी चालवतो."

मिनिटरावांनी खिडकीतून खाली पाहिलं. खाली पांढरी टॅक्सी उभी होती, आणि तीही सावलीत. चौतीस वर्षं ज्या डोक्याने थांबे जुळवले होते, त्याने सगळे थांबे एका मागोमाग एक जुळवले, आणि मिनिटरावांनी खुर्ची ओढून घेतली.

बाईंनी आपला मोबाइल काढून त्यांच्यासमोर ठेवला. वरून काढलेला फोटो होता. दगडी कठड्याची कड, खाली ऊन, मोकळा वाहनतळ, आणि मधोमध एक बोटभर माणूस. कानाला फोन, गळ्यात घड्याळ, डोळ्यांवर हात. तो थेट त्यांच्याकडेच बघत होता.

"तुमचाच कागद घेऊन गेलो," बाई म्हणाल्या. "तुम्ही सहाला निघालात, आम्ही सहा वाजून पाच मिनिटांनी. याने वाटेत मागे टाकलं तुम्हाला, तुम्ही तांदळासाठी थांबला होतात तेव्हा. मुक्कामही शेजारच्याच गल्लीत केले. कागदात एक चूक निघाली नाही हो. एकशे सेहेचाळीस पायऱ्या, प्रत्येक मजल्यावर पाच मिनिटं विश्रांती, सगळं बरोबर. तेवढी विश्रांती धरली नसतीत तर मी वर पोचलेच नसते."

हे कौतुक होतं, आणि तेच मिनिटरावांना सोसेना. सात दिवस अकरा दरवाज्यांना हात लावून आपण परत फिरलो, आणि प्रत्येक दरवाज्याच्या आत ही उभी होती. त्यांना स्वतःचा राग आला आणि फोटोतल्या त्या माणसाची कीव आली.

"अगं, मग हाक का नाही मारलीस?"

"मनात फार होतं," बाई म्हणाल्या. "पहिल्या किल्ल्यावर तर दाराच्या मागेच होते. तुम्ही दाराला हात लावलात तो आवाज ऐकला मी. पण रिकाम्या फेरीत प्रवासी घेत नाहीत."

आक्कांनी उशी पाठीशी घेतली आणि खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. मागच्या बाकावरचा विद्यार्थी शाळेत करायचा तसाच जमिनीकडे बघत उभा राहिला.

मिनिटराव बराच वेळ फोटो पाहत होते. ते बोटांनी तो मोठा करून पाहत, पण मोठा केला की चेहरा पुसट होई. शेवटी त्यांनी विचारलं, "वरून काय दिसतं?"

"ते सांगून कळायचं नाही. बत्तीस वर्षं मी सांगतच होते," बाई म्हणाल्या. "एक तारखेला अजून चार दिवस आहेत. सरळ गेलं तर एका दिवसाची वाट. माझे गुडघे आता परत चढायचे नाहीत. मी खाली बाकावर बसते, तुम्ही वर जाऊन या."

मिनिटरावांनी सवयीने पेनाला हात घातला. बारावा आराखडा त्यांच्या डोक्यात सुरूही झाला होता. "निघायचं किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"उद्या आक्का उठल्या की," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

मिनिटरावांनी पेन दिलं. हात तसाच पुढे राहिला. मग त्यांनी गळ्यातलं घड्याळ काढलं आणि तेही दिलं.